पत आणि पाकीट

गडचिरोली जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकास सिरोंचा हे तालुक्याचे गाव वसले आहे. गावाच्या पश्चिमेकडून प्राणहिता वाहत येते आणि थोड्याच अंतरावर गोदावरीस मिळते. संगमाच्या पैलतीरी तेलंगणात कालेश्वराचे देवालय आहे. तेथे एकाच पीठावर दोन शिवलिंगे असल्यामुळे दूरदूरचे यात्रेकरू दर्शनास येतात. तालुक्याच्या पूर्वेस सोमनूरजवळ इंद्रावती गोदावरीत विलीन होते आणि तिच्या पलीकडे छत्तीसगडचे अरण्य सुरू होते. तीन राज्यांच्या सीमा अशा जवळ आल्यामुळे सिरोंच्याच्या बाजारात मराठी, तेलुगू आणि माडिया या तिन्ही भाषा कानी पडतात. जिल्ह्याचे ठाणे येथून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. पैलतीर मात्र हाकेच्या अंतरावर आहे.

एके काळी येथील नदी ओलांडणे म्हणजे केवळ पाणी ओलांडणे नव्हते. नाणेही बदलावे लागे. पैलतीरी निजामाचे हैदराबाद संस्थान होते आणि त्या संस्थानाचा रुपया स्वतंत्र होता. त्यास 'हाली' म्हणत. ऐलतीरी इंग्रजी अमलातील रुपया चाले, तो 'कलदार'. शंभर कलदार रुपयांना सुमारे एकशे सोळा हाली रुपये पडत. नावेतून पाय उतार होताच माणसाच्या कमरेच्या कशातील पैसा परका होई आणि दोन्ही दरांचा हिशेब जाणणाऱ्या मनुष्याकडे जाऊन तो बदलून घ्यावा लागे. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि पुढे काही वर्षांत हाली नाणे व्यवहारातून गेले. आता दोन्ही नद्यांवर पूल झाले आहेत. पुलावरून जाणाऱ्या प्रवाशाच्या खिशात पुष्कळदा नाणे नसतेच, नोटही नसते. खिशात असतो तो मोबाईल.

समजा, कालेश्वराच्या दर्शनास निघालेले नागपूरचे एक कुटुंब सिरोंच्यास मुक्कामाला उतरले आहे. रात्री लहान मुलाला ताप भरतो. वडील औषधाच्या दुकानात येतात. औषधांचे सहाशे चाळीस रुपये होतात. घाईत पैशांचे पाकीट खोलीवरच राहिले आहे. दुकानदार या गृहस्थास ओळखत नाही. गृहस्थही दुकानदारास ओळखत नाहीत. ते आपला मोबाईल हातात घेतात, त्यावर अंगठा टेकवतात आणि तो दुकानातील लहानशा यंत्राजवळ नेतात. यंत्र बारीक आवाज करते, कागदाची चिठ्ठी बाहेर येते, आणि दुकानदार औषधांची पुडी त्यांच्या हाती देतो.

या दोन-चार क्षणांत नक्की काय घडले? नोट हलली नाही, नाणे वाजले नाही. मोबाईलमध्ये पैसे भरून ठेवले होते म्हणावे, तर तसेही नव्हते. त्या मोबाईलमध्ये एक रुपयाही नव्हता. आणि तरीही दुकानदाराने निःशंकपणे औषध दिले. हे समजण्यासाठी आधी 'पत' हा शब्द समजून घेतला पाहिजे.

दुकानदार आपल्या गावातील ओळखीच्या शेतकऱ्यास उधारीवर माल देतो. वहीत नाव लिहितो, रक्कम लिहितो आणि कापूस किंवा मिरची विकली गेली की पैसे येतील असे धरून चालतो. या धरून चालण्यालाच पत म्हणतात. ती माणसाच्या वागणुकीवरून, कुळावरून, मागील व्यवहारांवरून ठरते. परंतु तिची धाव लांब नसते. सिरोंच्याच्या दुकानदारापाशी ज्याची पत आहे, त्यास नागपुरात कोणी चहाचा पेलाही उधार देणार नाही. गावाची वेस ओलांडली की पत मागे राहते.

ही अडचण जुनी आहे आणि तिच्यावरचा आपल्याकडील जुना उपाय म्हणजे हुंडी. पुण्याच्या व्यापाऱ्यास काशीला पैसे पोहोचवायचे असत. वाटेत चोर, दरोडेखोर आणि पूर आलेल्या नद्या. मग तो पुण्याच्या पेढीवर रोख रक्कम भरी आणि पेढीवाला आपल्या काशीच्या आडत्याच्या नावे एक चिठ्ठी लिहून देई : ही चिठ्ठी आणणाऱ्यास अमुक रक्कम द्यावी. पाहताक्षणी पैसे द्यायचे असल्यास ती दर्शनी हुंडी. काही दिवसांनी द्यायचे असल्यास मुदती. चिठ्ठी हरवली तर पेढीवाला दुसरी प्रत देई, तिला 'पेठ' म्हणत. तीही हरवली तर 'परपेठ'. यात मौजेची गोष्ट ही की वाटेवरून पैसा जात नसे. जाई ती एक खूण. काशीचा आडत्या पुण्याच्या व्यापाऱ्यास ओळखत नसला तरी पुण्याच्या पेढीला ओळखत असे, आणि तेवढे पुरत असे. दोन अनोळखी माणसांच्या मधे, दोघांनाही ओळखणारा एक तिसरा उभा राहिला की व्यवहार होतो.

क्रेडिट कार्ड, ज्यास मराठीत पतपत्र असेही म्हणतात, त्याची कल्पना याहून वेगळी नाही. अमेरिकेत १९५० साली डायनर्स क्लब या संस्थेने आपल्या सभासदांना एक पत्र दिले. ते दाखवून सभासद ठराविक उपाहारगृहांत जेवत आणि महिनाअखेर एकदम पैसे भरत. १९५८ साली बँक ऑफ अमेरिका या बँकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो या शहरात हजारो घरी न मागताच कार्डे पाठवून दिली; तिचाच विस्तार होऊन १९७६ साली 'व्हिसा' हे नाव पडले. भारतात सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० साली असे कार्ड काढले. पुढे २०१२ मध्ये, मुंबईस मुख्यालय असलेल्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या संस्थेने 'रुपे' हे भारतीय कार्ड सुरू केले. बँक कार्ड देते म्हणजे काय करते? ती जणू सर्व दुकानदारांना सांगते, "या गृहस्थास अमुक रकमेपर्यंत माल द्या. पैसे आम्ही देतो. त्यांच्याकडून ते कसे वसूल करायचे ते आमचे आम्ही पाहू." गावच्या वेशीत अडकलेली पत अशा रीतीने देशभर फिरू लागली.

कार्डावर सामान्यतः सोळा आकड्यांची एक संख्या असते. ती कशीही मांडलेली नसते. आरंभीच्या आकड्यांवरून कार्ड कोणत्या जाळ्याचे व कोणत्या बँकेचे हे कळते, मधले आकडे त्या ग्राहकाचे असतात, आणि शेवटचा आकडा केवळ पडताळ्यासाठी असतो. हा पडताळा मोठा गमतीचा आहे. हान्स पीटर लून या संशोधकाने तो शोधला आणि १९६० साली अमेरिकेत त्याला त्याचे पेटंट मिळाले. ४७१८ ही लहान संख्या घेऊन तो करून पाहता येईल. उजवीकडून आरंभ करून एकाआड एक आकडा दुप्पट करावा. दुप्पट दोन आकडी आली तर तिच्यातील अंकांची बेरीज घ्यावी. ८ ची दुप्पट १६, म्हणजे ७. पुढचा १ तसाच. ७ ची दुप्पट १४, म्हणजे ५. पुढचा ४ तसाच. एकंदर बेरीज १७ झाली. ती पुढच्या दहाच्या पटीस, म्हणजे २० ला, नेण्यास ३ कमी पडतात. म्हणून पडताळ्याचा आकडा ३, आणि पूर्ण संख्या ४७१८३. आता एखाद्याने घाईने ४१७८३ असे लिहिले, तर बेरीज २३ येते. ती शून्यावर संपत नाही, आणि यंत्र तत्काळ म्हणते की संख्या चुकली.

हा पडताळा चूक पकडतो. चोर पकडीत नाही. कारण कार्डावरील संख्या नेहमी तीच असते. ज्या ज्या दुकानात कार्ड दाखवावे तेथे ती उघडी पडते. पूर्वीच्या कार्डांच्या पाठीवर काळी चुंबकीय पट्टी असे. तिच्यावरील मजकूर उतरवून घेणारी यंत्रे चोरांनी बनविली आणि हुबेहूब दुसरे कार्ड तयार करू लागले. म्हणून रिझर्व्ह बँकेने केवळ पट्टीची कार्डे २०१८ अखेर बदलून चीप असलेली कार्डे देण्याचा आदेश बँकांना दिला. तरीही घरबसल्या खरेदी करताना ती संख्या टंकून द्यावी लागेच, आणि अनेक दुकाने ती आपल्या संगणकात साठवून ठेवीत. एका दुकानाचा संगणक फुटला की हजारो लोकांच्या संख्या चोरांच्या हाती जात.

येथे मोबाईलमधील पाकिटाचा उपयोग ध्यानात येतो. मात्र 'डिजिटल पाकीट' या एकाच नावाखाली निराळ्या वस्तू वावरतात आणि त्यामुळे मोठी माणसेही गोंधळतात. एक पाकीट मातीच्या गल्ल्यासारखे असते. त्यात बँकेच्या खात्यातून किंवा कार्डावरून आधी पैसे भरायचे आणि मग थोडे थोडे खर्च करायचे. गल्ला रिकामा झाला की खर्च थांबतो. दुसऱ्या पाकिटात पैसा मुळीच नसतो. त्यात कार्डाची केवळ खूण असते. औषधाच्या दुकानातील त्या गृहस्थांपाशी होते ते हे दुसरे.

ही खूण तयार कशी होते? ग्राहक एकदाच आपल्या कार्डावरील संख्या मोबाईलला देतो. मोबाईल ती कार्डाच्या जाळ्याकडे, म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांपैकी जे असेल त्याकडे, पाठवितो. जाळे ग्राहकाच्या बँकेस विचारते, "हा तुमचाच ग्राहक ना?" बँक नोंदविलेल्या क्रमांकावर एक गुप्त आकडा पाठवून ग्राहकाची खात्री करून घेते. मग जाळे एक नवीच संख्या तयार करते. तीही कार्डावरील संख्येएवढीच लांब, तिचाही लूनचा पडताळा जुळणारा. परंतु ती कार्डावरील संख्या नव्हे. तिला 'टोकन' म्हणतात. टोकन मोबाईलच्या सुरक्षित कप्प्यात जाऊन बसते. खरी संख्या मोबाईलमध्ये राहत नाही. कोणते टोकन कोणत्या कार्डाचे, ही जोडी फक्त जाळ्याच्या तिजोरीत लिहिलेली असते.

टोकन हा शब्द बँकेला नवा नाही. घरातील आजोबांना विचारावे : पूर्वी बँकेत धनादेश दिला की खिडकीतील कारकून पितळेचा एक बिल्ला देई. त्यावर आकडा कोरलेला असे. आपला आकडा पुकारला की तो बिल्ला देऊन पैसे घ्यायचे. तो आकडा खात्याचा नसे, रकमेचाही नसे. त्या बँकेच्या त्या खिडकीबाहेर त्या बिल्ल्याची किंमत पितळेएवढी. मोबाईलमधील टोकनही असेच आहे. ते एका कार्डासाठी, एका पाकिटासाठी आणि एका मोबाईलसाठीच बनलेले असते. दुसऱ्या मोबाईलमध्ये नेऊन ठेवले तर निरुपयोगी.

आता त्या रात्रीच्या दुकानात परत जाऊ. गृहस्थांनी मोबाईलवर अंगठा टेकवला. मोबाईलने ठसा ओळखला आणि पाकीट उघडले. मग तो यंत्राजवळ नेला, अगदी चार-पाच सेंटिमीटर अंतरावर. एवढ्या जवळच ज्यांचे काम चालते अशा रेडिओलहरींनी दोघांचे बोलणे झाले. शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या खिशातील यंत्रास ते सहजी ऐकू जाऊ नये म्हणूनच हे अंतर इतके थोडे ठेवले आहे. मोबाईलने यंत्रास दोन गोष्टी सांगितल्या. एक टोकन. दुसरी, केवळ त्या एका व्यवहारासाठी गुप्त किल्लीने तयार केलेली सांकेतिक मोहोर. ही मोहोर दर वेळी बदलते. हुंडीवरील सही एकदा उतरवून घेतली तर तिची नक्कल करता येई. येथे कालची मोहोर आज चालत नाही.

यंत्राने हा निरोप दुकानदाराच्या बँकेकडे पाठविला, त्या बँकेने तो कार्डाच्या जाळ्याकडे. जाळ्याने मोहोर तपासली, तिजोरी उघडून टोकनाच्या जागी खरी संख्या घातली आणि निरोप गृहस्थांच्या बँकेकडे पुढे सरकवला. बँकेने पाहिले : कार्ड चालू आहे काय? ठरलेल्या मर्यादेत सहाशे चाळीस रुपये शिल्लक आहेत काय? दोन्हींचे उत्तर होकारार्थी आल्यावर तिने 'मंजूर' असे कळविले, आणि ते उत्तर त्याच वाटेने उलट फिरून सिरोंच्याच्या दुकानातील यंत्रापर्यंत आले. चिठ्ठी छापली गेली. एवढा सगळा प्रवास होईपर्यंत दुकानदाराची पुडी बांधूनही झाली नव्हती.

पैसा मात्र अजून निघालेलाच नाही. तो पुढे सावकाशीने बँकांमध्ये हिशेब होऊन दुकानदाराच्या खात्यात येतो, बहुधा दुसऱ्या दिवशी, आणि त्यातून शेकड्यामागे थोडी दलाली कापलेली असते. गृहस्थांना तर ही रक्कम महिनाअखेरच्या देयकात दिसेल. त्या क्षणी हलले ते केवळ वचन.

मोबाईल हरवला तरी कार्ड बाद होत नाही. बँकेस कळविले की ते टोकन रद्द होते आणि नव्या मोबाईलसाठी दुसरे तयार होते. पेठ आणि परपेठ देणाऱ्या पेढीवाल्यास ही रीत चटकन समजली असती.

अशा टोकनांचे सर्वांस लागू पडणारे नियम जगात २०१४ साली तयार झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेत ॲपल कंपनीने आपल्या फोनांत असे पाकीट आणले. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१९ मध्ये भारतातील कार्ड-जाळ्यांना टोकन देण्याची अनुमती दिली. पुढे १ ऑक्टोबर २०२२ पासून, इंटरनेटवरील दुकानांनी ग्राहकांच्या कार्डाची संख्या साठवू नये, टोकनच ठेवावे, असा नियम अमलात आला. ग्राहकांपैकी फार थोड्यांना या बदलाची जाणीव झाली असेल. चांगल्या कुलपाची चर्चा होत नाही. फुटलेल्या कुलपाची होते.

सिरोंच्याच्या बाजारात मात्र यंत्रापेक्षा काळ्या-पांढऱ्या चौकोनांची पाटीच अधिक दिसते. ही चौकट जपानमध्ये १९९४ साली मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी निघाली. भारतात यूपीआय ही व्यवस्था २०१६ साली सुरू झाल्यावर ती पानाच्या टपरीपर्यंत पोहोचली. यूपीआयमधून पैसा एका बँकखात्यातून दुसऱ्या खात्यात तत्काळ जातो. तेथे उधारीचा प्रश्न नसतो. परंतु रिझर्व्ह बँकेच्या अनुमतीने सप्टेंबर २०२२ पासून रुपेचे क्रेडिट कार्डही यूपीआयला जोडता येऊ लागले. म्हणजे दुकानदाराकडे महागडे यंत्र नसले, नुसती कागदी चौकट असली, तरी ग्राहक पतीवर माल घेऊ शकतो. मात्र अशा रीतीने पैसे दुकानदारासच देता येतात; मित्राला किंवा नातलगाला पाठविता येत नाहीत.

एका गोष्टीपुढे ही सारी हुशारी थबकते. चौकट टिपून पैसे द्यायचे तर ग्राहकाच्या मोबाईलला रेंज हवी. यंत्राजवळ नेण्याच्या पद्धतीत टोकन व किल्ली आधीच मोबाईलमध्ये असल्याने पुष्कळ फोनांना त्या क्षणी रेंज लागत नाही. पण दुकानातील यंत्राला ती लागतेच. गडचिरोलीच्या अरण्यात अशी गावे आहेत की जेथे रेंजसाठी टेकडीवर चढावे लागते. तेथील माणसाला नोट आणि उधारीची वही यांखेरीज गत्यंतर नाही. त्यास मागासलेपणा म्हणणे बरोबर नाही. जे साधन जेथे चालते, ते तेथे शहाणपणाचे.

आता या व्यवहाराची दुसरी बाजू पाहिली पाहिजे, आणि ती घाईने पाहून चालणार नाही.

क्रेडिट कार्डावर जो खर्च होतो तो आपला पैसा नव्हे. तो बँकेचा असतो. देयकाची पूर्ण रक्कम मुदतीत भरली तर व्याज पडत नाही, आणि खरेदीपासून त्या मुदतीपर्यंत वीस ते पन्नास दिवस मिळू शकतात. इथवर सौदा ग्राहकाच्या फायद्याचा. परंतु देयकावर 'किमान रक्कम' असाही एक आकडा छापलेला असतो. तो लहान असतो आणि म्हणूनच फसवा असतो. समजा, मिरची तोडणीच्या हंगामात तेलंगणात मजुरीला गेलेल्या कुटुंबाने तेथे कार्डावर बारा हजारांची वस्तू घेतली. हंगाम संपला, मजुरी थांबली, आणि देयक आले तेव्हा त्यांनी किमान सहाशे रुपयेच भरले. बाकी राहिले अकरा हजार चारशे. दरमहा शेकडा साडेतीन हा अशा कार्डांवर आढळणारा दर धरला, तर एका महिन्याचे व्याज तीनशे नव्व्याण्णव रुपये होते. पुढच्या महिन्यात पुन्हा सहाशे भरले, तर त्यांतील तीनशे नव्व्याण्णव व्याजात गेले आणि मुद्दल फिटले केवळ दोनशे एक रुपये. हा हिशेब सोपा करून सांगितला आहे. प्रत्यक्षात व्याज खरेदीच्या दिवसापासून लागते, व्याजावर कर असतो आणि उशीर झाल्यास दंडही होतो. वर्षाला शेकडा बेचाळीस! गावच्या ज्या सावकाराला आपण नावे ठेवतो, त्याच्या दराशी हा दर ताडून पाहण्यासारखा आहे.

महाराष्ट्राच्या इतिहासात अशा हिशेबाची एक कटू आठवण आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी शेतकरी बाजारात जमले, सावकारांच्या घरांत व दुकानांत शिरले आणि त्यांनी कर्जरोखे व वह्या बाहेर काढून जाळल्या. तो वणवा पुणे आणि तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. बहुतेक ठिकाणी शेतकऱ्यांनी माणसांवर हात टाकला नाही. त्यांना हवे होते ते कागद. कारण त्या कागदांवर काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते. लिहिता न येणारा शेतकरी सहीच्या जागी नांगराची निशाणी करी. पुढच्या काळात अंगठा उठवू लागला. मुद्दल किती, व्याज किती, फेडले किती, हे सारे सावकाराच्या पेटीत. सरकारने या दंग्यांची चौकशी केली आणि १८७९ साली दख्खनमधील शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला.

आज मोबाईलवर अंगठा टेकतो तो माणूस बहुधा शिकलेला असतो. करार त्याच्या हातातच असतो, मराठीतही मिळू शकतो. पण तो पुष्कळ पानांचा असतो आणि अक्षरे बारीक असतात. 'मान्य आहे' हे बटन मात्र मोठे असते. नोट मोजून देताना हाताला जे जाणवते, ते अंगठा टेकताना जाणवत नाही. दहाची नोट देताना जी आजी तीनदा विचार करते, तिचाच नातू हजाराची वस्तू एका स्पर्शात घेतो. या पाकिटाला वजन नाही. म्हणून ते हलके झाल्याचेही कळत नाही.

चोरही आता खिसा कापीत नाहीत; ते बोलतात. "बँकेतून बोलतो आहे, तुमचे कार्ड बंद होत आहे, आलेला गुप्त आकडा सांगा," असे गोड आवाजात सांगतात. टोकनाची तिजोरी फोडणे अतिशय कठीण. म्हणून ते माणसालाच तिजोरी उघडायला लावतात. तो गुप्त आकडा बँक कधीही दूरध्वनीवरून विचारीत नाही. आणि पैसे घेण्यासाठी गुप्त अंक टंकावे लागत नाहीत, ते देण्यासाठीच लागतात, ही गोष्ट घरातील मुलांनी वडीलधाऱ्यांना सांगण्याजोगी आहे. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर आणि आपल्या बँकेस जितक्या लवकर कळवावे, तितकी रक्कम वाचण्याची आशा अधिक.

एप्रिल २०२२ मध्ये प्राणहितेचा पुष्कर पर्वकाळ आला होता. १३ तारखेपासून २४ तारखेपर्यंत सिरोंच्याच्या घाटावर महाराष्ट्र, तेलंगण, छत्तीसगड येथील भाविक स्नानास लोटले. अशा गर्दीत घाटावरील नारळवाल्याची कल्पना करावी. चौकट समोर टांगलेली आहे, पण एकाच वेळी हजारो मोबाईल एकाच मनोऱ्याशी बोलू पाहत आहेत आणि चक्र नुसते फिरत राहते. ग्राहक मोबाईल हात उंच करून धरतो, दोन पावले नदीकडे जातो, परत येतो. मागची रांग चुळबूळ करू लागते. नारळवाला एकवार त्याच्या तोंडाकडे पाहतो, नारळ त्याच्या हाती ठेवतो आणि तेलुगूत म्हणतो की स्नान करून या, पैसे मग द्या. ग्राहक पायऱ्या उतरतो. नारळवाला खिशातून पेन्सिल काढून पुठ्ठ्याच्या तुकड्यावर एक रेघ ओढतो आणि पुढच्या माणसाकडे वळतो.

स्वाध्याय

१. 'हाली' आणि 'कलदार' म्हणजे काय? नदी ओलांडणाऱ्या माणसास त्यांच्यामुळे कोणती अडचण येई?

२. पेढीवरील हुंडी, बँकेतील पितळी बिल्ला आणि मोबाईलमधील टोकन यांत साम्य कोणते व भेद कोणता, ते आपल्या शब्दांत लिहा.

३. ३६५२ या संख्येस लूनच्या रीतीने पडताळ्याचा आकडा शोधा. एखाद्याने ०९ ऐवजी ९० असे लिहिले, तर ही चूक या रीतीने का सापडत नाही, तेही करून पाहा.

४. आठ हजार रुपयांच्या देयकापैकी चारशे रुपये भरले. दरमहा शेकडा साडेतीन दराने उरलेल्या रकमेवर एका महिन्याचे व्याज काढा. पुढच्या महिन्यात पुन्हा चारशे भरले, तर मुद्दल किती फिटेल?

५. पत जाणे, पत राखणे, नावे ठेवणे, गत्यंतर नसणे : वाक्यांत उपयोग करा.